बिल्टमोर बघायला जाताय? तळघरासाठी पाय राखून ठेवा

दर उन्हाळ्यात शार्लटमधल्या (नॉर्थ कॅरोलिना) आमच्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न फिरून येतो. आई-बाबा आलेत, अ‍ॅशव्हिलचं बिल्टमोर, ती प्रचंड हवेली, दाखवू का, तिकीट बघून डोळे पांढरे झाले, वर्थ आहे का? मी आतापर्यंत चारदा जाऊन आलेय, पहिल्यांदा नवऱ्याबरोबर (त्यात इतक्या चुका केल्या की विचारू नका), दोनदा सासू-सासऱ्यांना घेऊन आणि एकदा आई-बाबांना. दर वेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

तर, वर्थ आहे. पण सकाळी जायचं, घर बघायचं, जिन्यावर फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत, असं करणार असाल तर नाही, त्या पैशात दुसरं काहीतरी करा. एक रात्र मुक्काम ठेवा. पहिला दिवस बिल्टमोरचा, दुसरा अ‍ॅशव्हिल गावाचा, कारण गाव बघितलं की मगच ते घर नीट कळतं, माझं तरी तसं झालं.

आधी थोडक्यात हे प्रकरण काय ते. जॉर्ज वॉशिंग्टन व्हँडरबिल्ट, आजोबा कॉर्नेलियस यांनी बोटी आणि रेल्वेत अफाट पैसा कमावलेला, हा धाकटा नातू, पुस्तकं आणि चित्रं यांत रमणारा. याने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात १८८९ला बांधकाम सुरू केलं आणि १८९५च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री पाहुण्यांसाठी घर उघडलं. खोल्या २५०. त्यात ३५ बेडरूम, ४३ बाथरूम, ६५ फायरप्लेस. आर्किटेक्ट रिचर्ड मॉरिस हंट, आणि बाग-जंगल-रस्ते सगळं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडचं, म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्याने केलं तोच. त्या वेळी मालक ३३ वर्षांचा आणि लग्न व्हायचं होतं, ते झालं १८९८ला. हे ऐकून बाबांची पहिली प्रतिक्रिया, "बायको नाही, पोरं नाहीत, आणि पस्तीस बेडरूम? पाहुणे बोलावून बोलावून किती बोलावणार?" घर अजूनही त्याच्या वारसांच्याच मालकीचं आहे, सरकारचं नाही, त्यामुळे नॅशनल पार्कच्या पासवर काहीतरी सूट मिळेल या आशेवर राहू नका.

आता तिकिटाचं. तिकीट तारखेप्रमाणे बदलतं, विमानासारखं. सीझनला मोठ्या माणसाचं शंभर डॉलरच्या वर सहज जातं, मधल्या वारी आणि आधीपासून काढलं तर कमी पडतं. ऑक्टोबरमध्ये पानं रंगतात तेव्हा आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत ख्रिसमसची सजावट असते तेव्हा सगळ्यात गर्दी आणि सगळ्यात महाग. माझं ऐकाल तर एप्रिलमध्ये जा, भिंतीच्या आतल्या बागेत ट्युलिप असतात आणि आई लोकांना चालायला हवाही बरी असते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पाऊस येतो, छत्री गाडीत नको, हातात ठेवा.

आणि हे नीट वाचा कारण इथेच आम्ही आपटलो होतो. घरात जायची वेळ ठरलेली असते, ती तिकिटाबरोबरच निवडायची. आम्ही अकराची वेळ घेतली आणि अकराला दहा कमी असताना गेटवर पोचलो, म्हटलं पोचलो की. पोचलो कुठले, गेटपासून घरापर्यंत तीन मैलांचा रस्ता आहे, मग पार्किंग, मग शटल बसची लाइन. दारात पोचेपर्यंत साडेअकरा. दारावरच्या बाईंनी चेहरे बघून आत सोडलं, पण तेवढं नशीब प्रत्येकाचं असेलच असं नाही. गेटवर किमान पाऊण तास आधी पोचा, वयस्कर माणसं बरोबर असतील तर तासभर.

तो तीन मैलांचा रस्ता मात्र घाईने कापू नका. ओल्मस्टेडने तो मुद्दाम असा आखलाय की शेवटच्या वळणापर्यंत घराचं एक टोकही दिसत नाही. नुसती झाडी, मध्येच ओढा, मध्येच तळं, र्‍होडोडेंड्रॉनची दाटी, पूर्ण जुनं जंगल वाटतं. पण जमीन घेतली तेव्हा ती पीक काढून काढून आणि झाडं तोडून थकलेली होती, आज दिसतंय त्यातलं बरंचसं लावलेलं आहे. बाबा पुढच्या सीटवर बसून दर दोन मिनिटांनी "अगं घर कुठाय?" करत होते आणि मग एकदम झाडी संपते, समोर लांबलचक हिरवळ आणि तिच्या टोकाला ते प्रकरण. बाबा गप्प. बाबा सातारला बांधकाम खात्यात आयुष्यभर होते, ते सहसा बिल्डिंग बघून गप्प होत नाहीत.

आत जायच्या आधी शेजारच्या तबेल्याच्या चौकात रेस्टरूमला जाऊन या, सगळ्यांना न्या, नको म्हणणाऱ्यांना आधी न्या. घर बघायला दोन तास लागतात, आम्हाला तीन लागले. ऑडिओ गाइड घ्या, पण प्रत्येक नंबर ऐकलाच पाहिजे असं नाही. फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. मोठा जिना १०२ पायऱ्यांचा आहे आणि बघायला सुरेख आहे, पण गुडघे कुरकुरत असतील तर दारावरच्या लोकांना लिफ्टचं आधीच विचारून ठेवा, लाजू नका, आणि कुठल्या मजल्यापर्यंत लिफ्टने जाता येतं तेही विचारा.

वरच्या मजल्यांवर माझा एकच सल्ला, फर्निचर कमी बघा आणि मान वर करा. बँक्वेट हॉलचं छत ७० फुटांवर आहे, म्हणजे आपल्याकडची सहा-सात मजली सोसायटी आत उभी राहील. लायब्ररीत १०,००० पुस्तकं मांडलेली आहेत, पण छताचं चित्र व्हेनिसच्या एका महालातून काढून आणून इथे बसवलंय, पेलेग्रीनी नावाच्या इटालियन चित्रकाराचं. नेपोलियनचा सेंट हेलेनावरचा बुद्धिबळाचा पट पण आहे, त्याच्यासमोर लोक घोळका करतात, तुम्ही घोळका ओसरेपर्यंत छत बघा. बेडरूममध्ये फार वेळ घालवू नका. एक बघितली, दोन बघितल्या, पुढे पडद्यांचे रंग बदलतात.

पाय वाचवायचे ते तळघरासाठी. फिरण्याचा मार्ग असा आहे की तळघर शेवटी येतं आणि तोपर्यंत निम्मे लोक दमलेले असतात, सरळ चालत बाहेर आइस्क्रीमकडे जातात. मी पहिल्या वेळी तेच केलं. आईबरोबर गेले तेव्हा उलटं झालं, वर ती प्रत्येक खोलीत "हं, छान" म्हणत पुढे सरकत होती, आणि खाली उतरल्यावर जी थांबली ती हलायलाच तयार नाही.

खाली पोहण्याचा तलाव आहे, ७०,००० गॅलनचा, म्हणजे अडीच लाख लिटरच्या वर, पाण्याखाली दिवे, १८९५ला! पाणी शुद्ध करायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून ठरावीक दिवसांनी सगळं पाणी सोडून परत भरायचे. आता कोरडा आहे. दोन पट्ट्यांची बोलिंग अ‍ॅली आहे, व्यायामशाळा आहे. आणि मग नोकरांचं जग सुरू होतं. मुख्य स्वयंपाकघर वेगळं, केक-पेस्ट्रीचं वेगळं, मांस भाजायचं वेगळं, माणूस आत जाऊ शकेल एवढे फ्रिज, वर जेवण पाठवायची छोटी लिफ्ट. आई ओट्यांपाशी उभी राहून हिशेब करत होती की वर पंचवीस-तीस माणसं असतील तर इथे खाली किती हात लागत असतील.

पण तिला खिळवून ठेवलं ते धुण्याच्या खोलीने. कपडे वाळवायला भिंतीत उभी कपाटं आहेत, त्यातून लांबच लांब दांड्यांचं रॅक ड्रॉवरसारखं बाहेर ओढायचं, ओले कपडे घालायचे, परत आत ढकलायचं, आत गरम पाइप. डोंगरातल्या दमट हवेत चादरी वाळणार कधी, म्हणून ही सोय. आईने दोन्ही हात पाठीमागे बांधून (हात लावायला मनाई आहे, तिला माहीत होतं म्हणूनच बांधले) ते रॅक वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पावसाळ्यात मला हे एक मिळालं असतं तर बाकी घर त्यांनाच ठेवा म्हटलं असतं." शेजारच्याच एका मोलकरणीच्या खोलीत लोखंडी पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. वर मालकाच्या खोलीत सोनेरी भिंत बघून आलेलो असतो, त्यामुळे ती खोली जास्त लक्षात राहते.

बाहेर आलात की बाग करा, काचघर करा, आणि जमलं तर बास पाँड नावाच्या तळ्यापर्यंत चालत जा, तिथे गर्दी नसते. वाइनरी तिकिटातच आहे, जुन्या गोठ्यात १९८५ला सुरू केलेली, टेस्टिंग करायचं असेल तर वेळेचं बुकिंग आधीच बघा. बाबांनी द्राक्षाचा रस घेतला आणि बास.

एक गोष्ट तिथे नीट विचारा, ऑडिओमध्ये आली नाही तर माणसांना विचारा. ही जमीन ओसाड नव्हती. व्हँडरबिल्टने तुकडे तुकडे घेत १,२५,००० एकर केली, त्यात शायलो नावाची कृष्णवर्णीय लोकांची वस्ती होती, ती चर्चसकट, थडग्यांसकट उठून दुसरीकडे गेली. आज इस्टेट ८,००० एकर आहे. १९१४ला तो वारला आणि त्याची बायको एडिथने सुमारे ८७,००० एकर जंगल सरकारला विकलं, तेच पिस्गा नॅशनल फॉरेस्ट, जिथे आपण धबधबे बघायला फुकट जातो.

आता दुसरा दिवस. सकाळी गेटच्या बाहेरचं बिल्टमोर व्हिलेज, हेही व्हँडरबिल्टनेच वसवलं, कामगार-कारकुनांसाठी घरं, भिंतींना खडीचा खरखरीत गिलावा, आणि हंटचंच १८९६चं ऑल सोल्स चर्च. सप्टेंबर २०२४च्या हेलीन वादळात स्वॉनानोआ नदी या सगळ्यात शिरली होती, बिल्टमोरही महिनाभर बंद होतं, २ नोव्हेंबरला उघडलं. त्यामुळे व्हिलेजमधलं एखादं दुकान किंवा चर्च मनात धरून निघाला असाल तर आधी चालू आहे का बघा.

मग डाउनटाउन, आणि सगळ्यात आधी सेंट लॉरेन्स बॅसिलिका. हे का, तर बिल्टमोरच्या तलावावर जे टाइलचं कमानदार छत बघितलंत ना, ते राफाएल ग्वास्ताविनो नावाच्या स्पॅनिश माणसाचं. तो त्या कामासाठी इथे आला, डोंगर आवडले, जवळच ब्लॅक माउंटनला जमीन घेऊन राहिला, आणि मग गावासाठी हे चर्च केलं. १९०९ला पूर्ण झालं, तो १९०८लाच गेला, मुलाने संपवलं, आणि त्याची कबर आत चर्चमध्येच आहे. घुमट लांबट गोल, ८२ फूट बाय ५८ फूट, आणि त्यात लाकूड नाही, लोखंडी तुळई नाही, मध्ये एक खांब नाही. पातळ विटांच्या टाइल, थरावर थर, चुना-सिमेंटमध्ये, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बसवलेल्या. बाबांना मी एवढंच सांगितलं की खालून सेंट्रिंग जवळजवळ लावायचेच नाहीत, आधीचा थर पुढच्याला धरतो. ते बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वीस मिनिटं वर बघत राहिले. मध्ये एकदा म्हणाले, "आमच्या वेळी स्लॅबला एक टेकू कमी पडला तरी रात्री झोप लागायची नाही." चर्च चालू आहे, प्रार्थनेच्या वेळा टाळून जा, आत हळू बोला.

तिथून सगळं चालत. अ‍ॅशव्हिलमध्ये १९२०च्या दशकातल्या एवढ्या इमारती जशाच्या तशा कशा राहिल्या याचं उत्तर मजेशीर आहे, गाव कर्जात बुडालं म्हणून. वीसच्या दशकात बांधकामाचा धडाका, मग २० नोव्हेंबर १९३०ला मोठी बँक बुडाली, गावाचे पैसे त्यात, आणि गावाने ठरवलं की एक एक डॉलर फेडायचा. ते फेडणं १९७६पर्यंत चाललं. इतर शहरं पन्नास-साठच्या दशकात जुनं पाडून काचेचे डबे उभारत होती तेव्हा यांच्याकडे डाउनटाउन पाडायलाही पैसे नव्हते. मात्र अगदी काहीच पाडलं नाही असं नाही, पुढे सरकारी नूतनीकरणाच्या नावाखाली ईस्ट एंड आणि साउथसाइड या कृष्णवर्णीय वस्त्या उठवल्या, ती घरं आज बघायला मिळत नाहीत.

सिटी हॉल बघताना थोडं लांब उभं राहा. १९२८चं, डग्लस एलिंग्टनचं, डोक्यावर गुलाबी-हिरव्या टाइलचा आठकोनी मुकुट. आणि शेजारी त्याच वर्षीचं उंच, करडं, मख्ख कोर्ट हाउस. एलिंग्टनने दोन्ही जोडीने काढली होती, पण काउंटीवाल्यांना त्याचं डिझाइन फार फॅशनेबल वाटलं आणि त्यांनी वेगळा आर्किटेक्ट घेतला. लग्नात एका भावाने जरीचा फेटा बांधलाय आणि दुसरा सफारी घालून उभा आहे असं दिसतं. मग पॅटन अ‍ॅव्हेन्यूवर एस अँड डब्ल्यू कॅफेटेरियाची १९२९ची निळी-सोनेरी दर्शनी भिंत, ग्रोव्ह आर्केड (१९२९चं, वर चौदा मजली टॉवर होणार होता तो कधी झालाच नाही, दुसऱ्या महायुद्धात सरकारने ताब्यात घेतलं, २००२ला परत बाजार म्हणून उघडलं, दारावरचे पंखवाले सिंह मुलांना दाखवा), आणि १९२४ची जॅक्सन बिल्डिंग, २७ फूट बाय ६० फुटांच्या प्लॉटवर तेरा मजले. पुण्यातल्या बिल्डरला हा प्लॉट दाखवू नका.

आणि ईगल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची वायएमआय (यंग मेन्स इन्स्टिट्यूट) बिल्डिंग चुकवू नका, बाहेरून साधी दिसते म्हणून बहुतेक जण चुकवतात. बिल्टमोर बांधणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांसाठी आणि त्यांच्या लोकांसाठी व्हँडरबिल्टच्याच पैशातून १८९३च्या सुमारास बांधलेली, बिल्टमोरच्या साइटवर देखरेख करणाऱ्या रिचर्ड शार्प स्मिथने काढलेली. तळघरातली ती लोखंडी पलंगाची खोली आणि ही इमारत अशी जोडी लावून बघा.

जेवायचं काय, तर चाय पानी. हे मेहेरवान इराणी यांचं, आपल्या नगरला वाढलेले गृहस्थ, २००९ला अ‍ॅशव्हिलमध्ये चाट विकायला सुरुवात केली आणि २०२२ला जेम्स बिअर्डचं अख्ख्या अमेरिकेतल्या सर्वोत्तम रेस्टॉरंटचं बक्षीस यांना मिळालं. काडीसारखी चिरून तळलेली भेंडी मागवा, एक प्लेट पुरत नाही. आईला वडापाव "बरा आहे" वाटला, आणि आईच्या तोंडून बाहेरच्या वडापावाला बरा म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळेल. दुपारी साडेबाराच्या आत जा, नाहीतर रांग.

ज्यांच्याकडे अजून दोन दिवस आहेत त्यांनी डोंगर सोडून समुद्राकडे जावं, सव्हाना, जॉर्जिया. शार्लटपासून चार तासांच्या आसपास. १७३३ला ओगलथॉर्पने चौकाचौकांचं आखलेलं गाव, २४ चौकांपैकी २२ अजून आहेत, झाडांवरून करड्या जटा लोंबतात, नुसतं चालत सुटा. १९५४ला जुनी मंडई पाडून पार्किंग बांधलं, तेव्हा गावातल्या सात बायका भडकल्या आणि पुढच्या वर्षी संस्था काढून त्यांनी डेव्हनपोर्ट हाउस वाचवलं, तेही बघता येतं. पण एकच घर बघायचं तर ओवेन्स-थॉमस. १८१९चं, विल्यम जे नावाच्या तरुण इंग्रज आर्किटेक्टचं, वरच्या मजल्यावर घराच्या आत पूल आहे, खरंच पूल, पुढच्या खोल्यांतून मागच्या खोल्यांत जायला. टूर ठरावीक वेळेच्या असतात, सकाळीच नोंदवा.

टूर सुरू होते मागच्या अंगणात, गुलामांच्या खोल्यांपासून, पुढच्या दारातून नाही. तिथे छत निळं आहे, फिकट, ओरखडे पडलेलं, दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा हात. नीळ, चुना आणि ताक यांचा रंग, भुतंखेतं आत येऊ नयेत म्हणून लावायचे असं सांगतात, आणि या किनाऱ्यावर ती नीळ पिकवायचे गुलामच. गाइड हे सांगत असताना बाबा मला मराठीत म्हणाले, "दिवाळीच्या आधी आपल्याकडे चुन्यात नीळ टाकायची ती तुझी आजी." मग त्यांनी मला भाषांतर करून गाइडला सांगायला लावलं, सगळा ग्रुप थांबला, गाइडने दोनदा विचारलं की ताक पण घालायचे का. बाबा म्हणाले, नाही, ताक प्यायचे.

अजून लांब जायची तयारी असेल तर मिसिसिपीतलं नॅचेझ. इथून गाडीने जाऊ नका, न्यू ऑर्लिन्सला गेलात की तिथून तीन तास. तिथलं लाँगवूड, आठकोनी हवेली, १८६०ला बांधायला घेतलेली, १८६१ला अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटल्यावर फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर काम टाकून उत्तरेला निघून गेले आणि ती तशीच राहिली. खालचा मजला सजवलेला, वर जिना चढलात की उघड्या विटा, उघडे वासे, आणि कारागिरांनी टाकलेले रंगाचे डबे, खोकी, हत्यारं. त्याच गावात फोर्क्स ऑफ द रोड आहे, माणसांच्या विक्रीचा मोठा बाजार भरायचा ती जागा, लाँगवूडच्या आधी तिथे जा, अर्धा तास पुरतो. बाबांना अजून नेलं नाही, त्यांना ते उघडे वासे दाखवायचेत, पुढच्या वेळी आले की.